हवेची गादी, दोघांचा तंबू आणि तिसऱ्या रात्रीची खोली

मोटरसायकलवर सोळा दिवसांत ५,२०० किलोमीटर झाले. पंधरा रात्रींपैकी नऊ तंबूत काढल्या, सहा खोलीत. बरोबर मैत्रीण होती, तिच्या स्वतःच्या मोटरसायकलवर, आणि ती पंधराही रात्री खोलीतच झोपली. तंबूच्या मैदानाला लागून खोल्या असल्या तर प्रश्न नसे. नसल्या तर सकाळी ठरलेल्या वळणावर भेटायचो. त्यामुळे रस्ता तोच, पाऊस तोच, अंतर तेच आणि रात्री मात्र दोन तऱ्हेच्या, अशी तुलना आपोआप झाली. परत येऊन आठवडा झाला आहे. अंग अजून सगळं सांगतं आहे, तोवर लिहून ठेवते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वीस वर्षं व्हीलचेअर वापरणाऱ्या लोकांबरोबर काम केलं आहे. ‘लांबच्या प्रवासात बूड दुखतंच, सवय होते’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. सवय होत नाही. माणूस वाकडा बसायला शिकतो, आणि त्याची भरपाई कंबर करते.

आधी गादीबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दल येतात. ही सीटवर पट्ट्यांनी बांधायची गादी. आत रबरासारख्या पदार्थाचे एकमेकांना जोडलेले छोटे हवेचे कप्पे असतात. वजन पडलं की एका कप्प्यातली हवा शेजारच्यात सरकते. ही कल्पना माझ्या दवाखान्यात मी रोज बघते. रोहो या नावाच्या व्हीलचेअरच्या गाद्या याच तत्त्वावर चालतात, आणि एअरहॉक ही मोटरसायकलची गादी त्याच घरातून आलेली. माझी गादी दुसऱ्या उत्पादकाची आहे, तत्त्व तेच.

बसल्यावर शरीराचं बरंचसं वजन कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांच्या टोकांवर येतं. हाड आणि सीट यांच्यामध्ये कातडी आणि स्नायू चिमटले जातात, रक्त फिरेनासं होतं. यूजीन लँडिस यांनी १९३० साली नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांमधला दाब मोजला होता. धमनीकडच्या बाजूला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा आला. हा आकडा आमच्या शिक्षणात पहिल्या वर्षीच भेटतो. प्रत्येकाच्या शरीराला तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण अंदाज यायला पुरतो. कठीण सीटवर हाडाखालचा दाब याच्या कितीतरी पट चढतो. जाड फोम पहिल्या तासात छान वाटतो, नंतर तो तापतो, दबतो, आणि हाड खालच्या कठीण भागापर्यंत पोचतं. हवा दबून बसत नाही. ती बाजूला होते. फरक आहे तो एवढाच, पण तो सहाव्या तासाला कळतो.

आता या गादीबद्दल नाराज असलेल्या लोकांविषयी. मला भेटलेल्या अशा दहातल्या आठ जणांनी ती जास्त फुगवलेली होती. टम्म फुगवलेली गादी बोडक्या सीटपेक्षा वाईट, कारण आपण तिच्यात बसत नाही, तिच्यावर तरंगतो आणि दर वळणावर डुलतो. पद्धत अशी. मोटरसायकल मधल्या स्टँडवर घ्यायची, प्रवासात घालतो ती पँट घालून बसायचं, दोन्ही पाय फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर. व्हॉल्व्ह थोडा उघडून हवा हळूहळू सोडत जायची. मग हात खाली घालून बघायचं. हाड आणि गादीचा तळ यांच्यामध्ये दीड ते अडीच सेंटिमीटर राहिले की व्हॉल्व्ह बंद. व्हीलचेअरवर आम्ही हेच करतो. बघणाऱ्याला गादी जवळजवळ रिकामी वाटते, आणि ती तशीच वाटायला हवी.

एक गोष्ट मला घाट चढताना कळली, खरं म्हणजे आधीच सुचायला हवी होती. ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के उरतो. खाली नीट जुळवलेली बंद गादी वर चढता चढता आपोआप टणक होते. वर थोडी हवा सोडली की बरं वाटतं, पण मग उतरल्यावर ती चपटी पडते आणि पुन्हा फुंकावी लागते. माझ्या गादीचा व्हॉल्व्ह मागच्या डाव्या कोपऱ्यात, बांधलेल्या सामानाच्या खाली येतो. दर वेळी उतरा, दोरी सोडा, हवा बघा. व्हॉल्व्ह पुढे मांडीच्या बाजूला असता तर हे काम उभ्या उभ्या झालं असतं. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

दुसरी तक्रार कव्हरची. जाळीचं असल्यामुळे उन्हात वारा खेळतो, ते फार चांगलं. पण पावसात ते पाणी धरून ठेवतं, आणि पाऊस थांबल्यावरही तासभर ओल्यावर बसावं लागतं. थांबल्यावर गादी उलटी करून ठेवायची किंवा वर प्लास्टिकची पिशवी ओढायची, दुसरा इलाज नाही.

उंचीचाही विचार करा. गादीने सीट जवळजवळ दोन बोटं वर गेली. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे, सिग्नलला आधीच चवडे टेकतात. उतारावर सामानासकट थांबताना दोन बोटं पुष्कळ असतात. सैल खडीच्या रस्त्यावर मागच्या चाकाची हालचाल गादीमुळे अंगाला उशिरा कळते, म्हणून अशा पट्ट्यात मी ती काढून बॅगेत टाकत होते.

एवढं सगळं सांगूनही मी ती पुन्हा घेईन. आधी पन्नास मिनिटांत चुळबुळ सुरू व्हायची, ती आता दीड तासाने होते. पण गादी आहे म्हणून अंग हलवायचं सोडू नका. व्हीलचेअरवरच्या माणसाला आम्ही दर पंधरा ते तीस मिनिटांनी वजन उचलायला किंवा झुकायला सांगतो. मोटरसायकलवर ते सोपं आहे. रस्ता सरळ आणि मोकळा असला की फूटपेगवर वीस सेकंद उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवून. मैत्रिणीच्या सीटवर मेंढीचं कातडं होतं. घाम कमी येतो, थंडीत ऊब मिळते, पण हाडाखालचा दाब त्याने फारसा घटत नाही, आणि भिजलं की ते दोन दिवस वाळत नाही. आणखी एक, आतल्या कपड्याची शिवण नेमकी हाडाखाली येत असेल तर कुठलीच गादी कामाची नाही. हे आधी तपासा, बाकी खरेदी नंतर.

कानांचे प्लग मात्र कुठल्याही चर्चेशिवाय घ्या. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मर्यादा आहे ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपण त्यात आठ आठ तास बसतो. कान तर जातातच, पण संध्याकाळी जो शिणवटा येतो त्यातला बराचसा या आवाजाचा असतो. मऊ फोमचे प्लग हेल्मेट घालण्याआधी पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. हॉर्न ऐकू येतो. उलट वाऱ्याचा गोंगाट घटल्यामुळे तो वेगळा ओळखू येतो.

आता रात्री.

माझा तंबू दोघांचा आहे आणि त्यात मी एकटी झोपते. हा चैनीचा भाग नाही. हेल्मेट, जॅकेट, पेट्रोलच्या टाकीवर बांधायची टँक बॅग, कोरडे कपडे हे सगळं रात्री आत लागतं, आणि एकट्याच्या तंबूत ते अंगावर येतं. वजन २.४ किलो. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा आहे, खुंट्या न ठोकताही तोल धरतो, त्यामुळे खडकाळ जागेतही लागतो. निवडताना याला मी सगळ्यात जास्त महत्त्व दिलं आणि तो निर्णय बरोबर ठरला.

चुकलं ते काठ्यांच्या लांबीत. घडी केल्यावर त्या ४६ सेंटिमीटर भरतात आणि माझ्या पॅनियरमध्ये, म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला लावलेल्या सामानाच्या पेटीत, बसत नाहीत. त्यामुळे तंबू मागच्या सीटवर आडवा बांधावा लागला. वजन जितकं खाली आणि मध्याजवळ तितकी मोटरसायकल शांत चालते, हे ठाऊक असूनही. तंबू घ्यायला जाताना पॅनियरची आतली लांबी मोजून जा. ४० सेंटिमीटरच्या आतल्या काठ्यांचे तंबू मिळतात.

मोटरसायकलही आत घेता येईल असे तंबू असतात. रेडवर्झ या नावाचा त्यात प्रसिद्ध आहे. मी त्याचा बराच विचार केला. आत उभं राहून कपडे बदलता येतात, पावसात साखळीला तेल घालता येतं, हे मोठं सुख. पण वजन माझ्या तंबूच्या दुपटीहून जास्त, आणि पेट्रोलच्या वासाशेजारी झोपायची माझी तयारी नाही. एका जागी तीन तीन दिवस मुक्काम करणाऱ्याने जरूर बघावा. रोज संध्याकाळी लावून रोज सकाळी काढणाऱ्याने नको.

तंबूचं कापड नायलॉनचं आहे. नायलॉन भिजलं की सैल पडतं. संध्याकाळी ताणून लावलेला तंबू रात्रीच्या पावसात पोट काढतो, बाहेरचं कापड आतल्याला टेकतं आणि टेकलं तिथे पाणी झिरपतं. झोपण्याआधी एकदा दोऱ्या पुन्हा ताणायच्या, अंगात त्राण नसलं तरी. पॉलिएस्टर भिजल्यावर असं फारसं ताणत नाही. माझा पुढचा तंबू पॉलिएस्टरचा असेल, थोडा जड पडला तरी. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान कापा. बाहेर डोकावणारी कड छतावरून उतरणारं पाणी झेलते आणि सरळ तुमच्या पाठीखाली नेऊन सोडते.

मोटरसायकल तंबूपासून तिच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर लावा. साइड स्टँडखाली तळहाताएवढी जाड चकती ठेवा. रात्रभर पाऊस पडला की माती मऊ होते, स्टँड रुततो आणि पहाटे मोटरसायकल कलंडते. माझ्याकडे जाड प्लास्टिकची चकती आहे, दोरी बांधलेली, म्हणजे निघताना वाकावं लागत नाही आणि विसरतही नाही. एवढ्याशा वस्तूवर माझं खरंच प्रेम आहे.

तंबूचं सुख खरं तर तंबूत नसतं, खालच्या मॅटमध्ये असतं. गादीसाठी सांगितलेला नियम इथेही लागू. मी कुशीवर झोपते, म्हणजे सगळा भार नितंबाच्या बाजूच्या हाडावर आणि खांद्यावर. पाच सेंटिमीटरच्या मॅटवर हाड जमिनीला टेकायचं. या प्रवासात नऊ सेंटिमीटरची नेली. ती भरपूर फुगवायची, कुशीवर पडायचं आणि हाड जमिनीला जेमतेम लागणार नाही इतपत हवा सोडायची. सकाळी उजवा खांदा मोकळा होता. हे चार वर्षांत पहिल्यांदा झालं. पहाटे मॅट सैल लागली तर लगेच पंक्चर शोधत बसू नका. संध्याकाळच्या २५ अंशांत भरलेली हवा ५ अंशांवर आली की सुमारे सात टक्क्यांनी आकसते. दोन फुंकरा मारल्या की झालं.

थंडी जमिनीतून येते, आणि नुसती हवा भरलेली मॅट ती अडवत नाही. मॅटवर ‘आर’ हा आकडा असतो, उष्णता किती रोखते ते सांगणारा. पूर्वी प्रत्येक उत्पादक तो आपापल्या पद्धतीने मोजायचा. आता एएसटीएम एफ ३३४० हे सामाईक मानक आहे, त्यामुळे दोन मॅटची तुलना करता येते. उन्हाळ्याला २ पुरतो, शून्याजवळच्या रात्रींना ४ च्या पुढे हवा. आणि या आकड्यांची बेरीज होते. माझ्या मॅटचा आर ३ च्या थोडा वर आहे. डोंगरातल्या रात्री तिच्याखाली फोमची पातळ घडीची मॅट घातली आणि पाठ गार पडली नाही.

स्लीपिंग बॅगने मात्र एका रात्री दगा दिला, आणि हे बायकांनी नीट वाचावं. बॅगेवर मोठ्या अक्षरांत शून्य अंश लिहिलं होतं. बाहेर ४ अंश असताना पहाटे तीनला मी दात वाजत जागी झाले. सकाळी आतली पट्टी वाचली. आयएसओ २३५३७ या स्लीपिंग बॅगच्या मानकातले दोन आकडे कामाचे. ‘कम्फर्ट’ हा आकडा प्रमाण मानलेल्या स्त्रीसाठी, आरामात झोपलेल्या. ‘लिमिट’ हा प्रमाण मानलेल्या पुरुषासाठी, अंगाची जुडी करून झोपलेल्या. मोठ्या अक्षरांतलं शून्य हे लिमिट होतं. माझा आकडा बाजूला बारीक छापलेला, ५ अंश. बाईने बॅग घेताना कम्फर्टच बघायचा, आणि दुकानदार दुसरा आकडा सांगत असेल तर पट्टी स्वतः उलटून वाचायची.

आता खोल्यांबद्दल, आणि जे सांगायला मी हे लिहायला बसले ते.

सहाव्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून पुढच्या गावातली खोली आधीच ठरवून, पैसे भरून ठेवली होती. दुपारी पाऊस लागला, रस्त्याच्या कामाने दीड तास खाल्ला. पाच वाजता मी पुरती संपले होते आणि अजून १३० किलोमीटर बाकी होते. रस्त्याच्या कडेला तंबू लावायची चांगली मैदानं दोनदा दिसली. मैत्रीण म्हणाली, “अगं, पैसे भरलेत, पोचू ना हळूहळू.” मीही मान डोलावली. अंधार पडल्यावर एका वळणावर मी ब्रेक उशिरा लावला. नुसता उशिरा, पडले नाही, काही झालं नाही. पण का उशीर झाला ते मला आठवत नव्हतं, आणि त्याने मी घाबरले. पहाटे साडेचारला उठलो होतो आणि रात्रीचे पावणेदहा झाले होते. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की सतरा तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो. मी हा अभ्यास रुग्णांना सांगत आले आहे.

खोली उत्तम होती. स्वच्छ, कोरडी, गरम पाण्याची. मी तिला पाचपैकी पाच देईन, आणि तरी त्या रात्रीचा मुक्काम हा प्रवासातला सगळ्यात वाईट निर्णय होता. भरलेल्या पैशांनी आम्हाला दोरी लावून ओढत नेलं. तंबू मी आता खर्च वाचवायला किंवा चांदणं बघायला नेत नाही. कुठेही थांबायची मोकळीक हवी म्हणून नेते. आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांच्या संस्थेचे लोक २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर चालवतात. तेही थकवा आला की उतरून झोपा, असंच सांगतात. आपण त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं अंतर कापताना ते विसरतो.

सातव्या दिवसापासून आम्ही नियम केला. दुपारी तीनला थांबायचं, अंगाला विचारायचं, मगच रात्रीचं ठिकाण ठरवायचं. परत न मिळणारे पैसे आधी भरायचे नाहीत. सणासुदीच्या गर्दीत खोली आधी ठरवावीच लागते, मान्य. तेव्हा त्या दिवसाचं अंतर निम्मं ठेवायचं.

म्हणून खोल्या वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. तंबूची तिसरी रात्र ओली असेल तर मी सरळ खोली घेते. ओला तंबू गुंडाळून ओलाच पुन्हा लावला की स्लीपिंग बॅगेत भरलेली पिसं चिकटतात, त्यांची ऊब जाते, मोजे वाळत नाहीत, आणि ओल्या बुटात चवथ्या दिवशी पायाची कातडी सोलते. एक रात्र खोलीत सगळं पसरून वाळवलं की पुढच्या तीन रात्री सुखाच्या जातात. खोली बघताना मी गाद्यांचं कौतुक ऐकत नाही. मोटरसायकल खिडकीतून दिसते का, खोली तळमजल्यावर आहे का, खिडकी उघडते का, जॅकेट टांगायला भक्कम खुंटी किंवा दांडी आहे का, एवढं विचारते. तिसऱ्या मजल्यावर दोन पॅनियर आणि हेल्मेट घेऊन चढणं हे दिवसभर चालवल्यानंतर कंबरेला शिक्षाच. बंद खिडकीच्या खोलीत ओले कपडे सकाळी तितकेच ओले असतात, वर वासही. सामाईक खोलीतल्या बंकवर दोन रात्री काढल्या. जागा स्वच्छ होती, माणसं चांगली होती, पण सामान पसरायला जागा नाही आणि कानांचे प्लग तिथेही घालावे लागले. एकट्याने फिरणाऱ्याला सोबत मिळते, त्यासाठी जावं. झोपेसाठी नको.

तेराव्या दिवशी दुपारी मैत्रिणीचं डोकं दुखायला लागलं. खोली मिळायला तासभराचं अंतर होतं. मी झाडाखाली तंबू लावला, खुंट्याही न ठोकता, सात मिनिटं लागली. ती पन्नास मिनिटं झोपली आणि उठून नीट चालवत निघाली. पुढच्या वेळी निदान मॅट तरी स्वतःची आणते, असं तीच म्हणाली.

घरी आल्यावर गादी टबात बुडवून दाबून पाहिली, कारण शेवटचे दोन दिवस ती सकाळी अर्धी सैल मिळत होती. मागच्या रांगेतल्या एका कप्प्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे येत आहेत, बहुधा सीटच्या शिवणीने घासलं असावं. गादीबरोबर आलेलं ठिगळ लावलं आहे, वर जड पुस्तकं ठेवली आहेत. उद्या पुन्हा पाण्यात घालून बघेन, आणि पुढच्या वेळी सीट आणि गादी यांच्यामध्ये पातळ रबराची चादर घालेन.